विसार देण्याआधी विचारा, ‘इथं फायबर येतंय का?’

सातारा/सांगली : जागा घेताना माणूस काय काय बघतो? सातबारा बघतो, फेरफार बघतो, ‘इतर हक्क’च्या रकान्यात कुणाचा बोजा आहे का ते बघतो. रस्ता नकाशावर आहे की नुसता वहिवाटीचा, बोअरला पाणी किती फुटांवर लागतं, महावितरणचा डीपी किती लांब आहे, हे चार जणांना विचारून घेतो. एक गोष्ट मात्र विचारायची राहून जाते आणि ती कळते थेट वास्तुशांत उरकल्यावर. या घरात वायरचं इंटरनेट येणार आहे का?

हा प्रश्न आता चैनीचा राहिलेला नाही. खानापूर, आटपाडी, तासगावकडची गलाई व्यवसायातली कुटुंबं देशभर पसरलेली आहेत. सोनं-चांदी गाळणारी ही मंडळी वर्षातले अकरा महिने परराज्यात असतात, पण बंगला गावात बांधतात. बंगल्यात म्हातारे आईवडील असतात आणि भिंतीवर सीसीटीव्ही असतो. पाटण, जावळीतल्या कित्येक घरांचा कर्ता माणूस मुंबई-नवी मुंबईत माथाडी म्हणून राबला आणि निवृत्तीनंतर गावी परत आला. पुण्यात आयटीत काम करणारी पोरं कोरोनात गावाकडं आली, कंपनीनं आठवड्यातले दोन-तीन दिवस घरून काम चालेल म्हटल्यावर त्यातल्या काहींनी गावातच घराचा विचार केला. शिवाय स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी मुलं, द्राक्षाचा आणि बेदाण्याचा व्यापार बघणारे बागायतदार, ई-पीक पाहणी, लाडकी बहीणची ई-केवायसी, हे सगळं आहेच. नोकरी टिकणार की जाणार, हे ज्या घरात नेटवर ठरतं, त्या घराला ‘बघू पुढं, येईल कधीतरी’ म्हणून चालत नाही.

‘पण मोबाइलला रेंज आहे की!’ असं कुणीतरी म्हणणारच. आहे, आणि बहुतेक देश त्यावरच चालला आहे. ट्रायच्या आकडेवारीत ब्रॉडबँड ग्राहक शंभर कोटींच्या घरात दिसतात, पण त्यात वायरवाले साडेचार कोटींच्या आसपासच आहेत. बाकी सगळे मोबाइलवर. ब्रॉडबँड म्हणजे काय, याची सरकारी व्याख्याही फार काही मागत नाही. जानेवारी २०२३ पर्यंत सेकंदाला ५१२ केबी मिळालं तरी ते ब्रॉडबँड होतं, तेव्हापासून किमान २ एमबी झालं. घरात दोघांचे व्हिडिओ कॉल आणि एकाचा ऑनलाइन क्लास एकाच वेळी चालायचा असेल तर २ एमबी म्हणजे काहीच नाही. त्यात टॉवर एक आणि गाव सगळं. संध्याकाळी सात ते दहा या वेळेत मोबाइलचं नेट कसं रांगतं, ते वेगळं सांगायला नको.

विचारायचं कुणाला?

खरी अडचण इथं सुरू होते. विजेसाठी महावितरणचं शाखा कार्यालय आहे, पाण्यासाठी ग्रामपंचायत आहे, जमिनीसाठी तलाठी आहे. अमुक गावातल्या अमुक गट नंबरात फायबर आहे की नाही, हे अधिकृतपणे सांगणारं कार्यालय मात्र नाही. सातबाऱ्यावर विहीर चढते, झाडं चढतात, पण वायर कुठल्या बांधावरून गेली आहे ते कुठंच चढत नाही. दस्तनोंदणी ऑनलाइन झाली, सातबारा मोबाइलवर आला. पण ज्या नेटवर हे सगळं बघायचं, ते घरात येणार का, याची नोंद मात्र कुठंच मिळत नाही.

केंद्राच्या दूरसंचार विभागानं मे २०२३ मध्ये ‘संचार साथी’ पोर्टल सुरू केलं. हरवलेला मोबाइल ब्लॉक करायला किंवा आपल्या नावावर किती सिम आहेत ते बघायला बरेच जण ते वापरतात. त्यातच आपल्या भागातले वायरलाइन इंटरनेट पुरवठादार शोधण्याचीही सोय आहे, हे फार कमी जणांना माहीत आहे. पिनकोड, पत्ता किंवा कंपनीचं नाव टाकायचं, की त्या भागात सेवा देणाऱ्या परवानाधारक कंपन्यांची यादी येते. सुरुवात इथूनच करावी, कारण मोठ्या दोन-तीन कंपन्यांच्या जाहिरातीत न दिसणारे छोटे, स्थानिक परवानाधारकही या यादीत सापडू शकतात.

मात्र यादी आली म्हणून नाचायचं कारण नाही. पिनकोड ही टपालाची सोय आहे. टपाल कुठल्या कार्यालयातून वाटायचं तेवढं तो सांगतो. एका ग्रामीण पिनकोडखाली कितीतरी गावं आणि त्यांच्या वाड्या येतात. साताऱ्याचा पिन ४१५००१, विट्याचा ४१५३११ आणि थेट समुद्राकाठच्या रत्नागिरीचा ४१५६१२. पहिले तीन आकडे तिन्हींचे सारखेच. पाटण खोऱ्यात तर एकाच पिनखालचं एक गाव हमरस्त्याला आणि दुसरं घाट चढून वर पठारावर, असा प्रकार असतो. कंपनी त्या पिनमध्ये ‘आहे’, एवढंच यादी सांगते. तुमच्या ओढ्यापलीकडच्या वस्तीवर आहे का, हे ती सांगू शकत नाही.

कंपन्यांच्या स्वतःच्या वेबसाइटवर ‘उपलब्धता तपासा’ असं बटण असतं. तिथं बहुतेकदा आधी मोबाइल नंबर मागतात, मग पिन, मग पत्ता. पत्त्याच्या यादीत सोसायटी, कॉलनी, लँडमार्क असतात. ‘गट नंबर अमुक, तमुक मळा’ हा पत्ता तिथं बसत नाही. मग जवळचं काहीतरी निवडायचं आणि उत्तर येतं, ‘लवकरच आम्ही तुमच्या भागात येत आहोत’. नेट येवो न येवो, फोन मात्र दुसऱ्या दिवसापासून यायला लागतात. तुम्ही माहिती घ्यायला गेलेले असता आणि माहिती देऊन परत येता.

मग खरं उत्तर कुणाकडं असतं? गावातल्या केबलवाल्याकडं. हे ऐकायला गावठी वाटेल, पण व्यवस्थाच तशी आहे. ग्रामीण भागात बीएसएनएलची फायबर सेवासुद्धा मोठ्या प्रमाणात स्थानिक भागीदारांमार्फत घरापर्यंत जाते. परवाना आणि बिल कंपनीचं, पण शेवटची वायर ओढणारा, खांबावर चढणारा आणि तुटली की जोडणारा माणूस तालुक्यातलाच असतो. कुठल्या खांबावर पेटी आहे आणि तिच्यात किती जागा शिल्लक आहे, हे त्याच्या डोक्यात असतं. कंपनीच्या संगणकात ते असेलच असं नाही.

पाट, दंड आणि सरी

पेटी आणि जागा म्हणजे काय, ते समजून घेतलं तर अर्धे गैरसमज मिटतात. घरापर्यंतच्या फायबरची रचना उसाच्या पाण्यासारखी आहे. मुख्य यंत्रातून (त्याला ओएलटी म्हणतात, हे एक्स्चेंजमध्ये किंवा ऑपरेटरच्या खोलीत असतं) एक तार निघते, ती पाट समजा. पुढं खांबावरच्या पेटीत तिचे आठ, सोळा किंवा बत्तीस फाटे होतात, ते दंड. तिथून तुमच्या घरात येणारी बारीक वायर ही सरी. यंत्रापासून घरापर्यंत वीस किलोमीटरपर्यंत अंतर चालतं, म्हणून लांब गावातसुद्धा फायबर नेता येतं. अडतं ते शेवटच्या टप्प्यात. पेटी आठ जणांची असेल आणि आठही जोडण्या गेलेल्या असतील, तर पेटी तुमच्या दारात असूनही नववा माणूस कोरडा. आणि पेटी सातशे-आठशे मीटरवर असेल तर ऑपरेटरला मध्ये खांब लागतात, वायर लागते, आणि एका गिऱ्हाइकासाठी तो एवढा खर्च करायला तयार होत नाही.

म्हणून ‘गावात फायबर आहे’ आणि ‘तुमच्या घरी मिळेल’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. ऑपरेटरला नुसतं ‘नेट येतं का?’ असं विचारलं तर तो ‘येतंय की’ म्हणणारच. तो खोटं बोलत नसतो, प्रश्नच मोघम असतो. शेवटची पेटी नेमकी कुठल्या खांबावर आहे आणि माझ्या जागेपासून किती मीटर, तिच्यात जोडणी शिल्लक आहे का, वायरचे पैसे किती मीटरपर्यंत धरले आहेत आणि पुढं मीटरमागं किती, मधले खांब कुणाचे आणि वायर कुणाच्या शेतावरून जाणार, असं विचारावं. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे. बांधावरून वाद असलेल्या भावकीत वायर ओढायला परवानगी मिळवणं हे काही वेळा दिवाणी दाव्याइतकंच अवघड असतं.

अजून एक, ओएलटी जिथं आहे तिथं लाईट गेल्यावर बॅटरी किती वेळ चालते, तेही विचारा. तुमच्या घरात इन्व्हर्टर असून उपयोग नाही, पाट वरूनच बंद झाला तर.

गावठाण आणि मळा

आपल्या दोन्ही जिल्ह्यांत हा प्रश्न जास्त टोचतो, त्याला घरं कुठं होताहेत हे कारण आहे. जुनी गावठाणं भरली. नवीन घर होतं ते मळ्यात, शेतात, हायवेलगतच्या प्लॉटिंगमध्ये किंवा गुंठेवारीत. वाळवा, पलूस, मिरज तालुक्यांत कृष्णाकाठच्या लोकांनी २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर बघितले, त्यामुळं ज्याला जमेल तो उंचावर घर बांधायला बघतो. पाटण तालुक्यात जुलै २०२१ मध्ये आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं दरडी कोसळल्या, तेव्हापासून डोंगरकुशीतल्या वाड्यांच्या पुनर्वसनाचा विषय चालूच आहे. म्हणजे घर गावठाणाबाहेर चाललं आहे आणि सरकारी फायबर मात्र गावठाणातल्या ग्रामपंचायतीच्या दाराशी येऊन थांबलं आहे.

मळ्यातल्या घराची दुसरी गोम विजेची. गावठाणाचा फीडर वेगळा, शेतीचा वेगळा. शेतीला थ्री-फेज दिवसा आठ तास किंवा रात्री दहा तास, असं आलटून-पालटून. मळ्यातल्या घराला सिंगल फेज कशावरून येते आणि किती वेळ टिकते, त्यावर राउटर चालणार की नाही ते ठरतं. राउटर आणि फायबरचा डबा मिळून फार वीज खात नाहीत, बारा व्होल्टचा छोटा यूपीएस लावला तर दोन-तीन तास निघतात. पण हा खर्च नेटच्या बजेटमध्ये धरला पाहिजे, हे कुणी सांगत नाही.

जत आणि माणसारख्या तालुक्यांत अंतरं मोठी आणि वस्त्या विखुरलेल्या. एका वस्तीवर पाच-सात घरं. महाबळेश्वर, जावळीच्या शिवसागर जलाशयापलीकडच्या गावांची तर गोष्टच वेगळी, तिथं माणूसच लाँचनं जातो. त्यात सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाची हद्द आली की खड्डा खणायलाही वन विभागाची परवानगी. अशा ठिकाणी खासगी कंपनी नफ्यासाठी वायर नेणार नाही हे उघड आहे, आणि त्यासाठीच तर सरकारी योजना आली होती.

योजनेचं काय झालं?

ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्रानं राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर नेटवर्कला मंजुरी दिली. देशातल्या अडीच लाख ग्रामपंचायती फायबरनं जोडायच्या, असं ठरलं. २०१५ मध्ये योजनेचं नाव ‘भारतनेट’ झालं. पहिला टप्पा, म्हणजे एक लाख ग्रामपंचायती, डिसेंबर २०१७ मध्ये पूर्ण झाला असं सांगण्यात आलं. दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्रानं काम स्वतःकडं घेतलं, ते ‘महानेट’ या नावानं महाआयटीमार्फत चाललं. ४ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळानं सुधारित भारतनेटला मंजुरी दिली, खर्च १ लाख ३९ हजार ५७९ कोटी रुपये. काम बीएसएनएलकडं.

नाव बदललं, टप्पे बदलले, तरी मोजमाप बराच काळ एकच राहिलं. ग्रामपंचायत ‘सर्व्हिस रेडी’ झाली का? देशात अशा दोन लाख चौदा हजारांहून जास्त ग्रामपंचायती असल्याचं सरकार सांगतं. सर्व्हिस रेडी म्हणजे सेवा देण्यास तयार. सेवा चालू आहे आणि लोक वापरताहेत, असा त्याचा अर्थ होत नाही. पेटी ग्रामपंचायतीच्या कोपऱ्यात बसली, तिच्यावरचा दिवा लागतो की नाही हा पुढचा विषय, आणि तिथून तुमच्या घरापर्यंत वायर कोण ओढणार हा त्याच्याही पुढचा.

जुन्या रचनेत अजून एक दोष होता. फायबर तालुक्यापासून सरळ रेषेत, एकापुढं एक ग्रामपंचायत असं गेलं. मध्ये कुठं तुटलं की पुढची सगळी गावं गेली. सुधारित योजनेत तालुका ते ग्रामपंचायत अशी गोलाकार जोडणी करायची आहे, म्हणजे एका बाजूनं तुटलं तरी दुसऱ्या बाजूनं नेट चालू राहील. हा बदल खरोखर चांगला आहे आणि तो आधीच व्हायला हवा होता. ग्रामपंचायतीचं मुख्यालय नसलेल्या गावांनाही मागणी आली तर जोडायचं, असंही त्यात आहे. ‘मागणी आली तर’ हे शब्द लक्षात ठेवा, त्याकडं परत यायचं आहे.

याच योजनेत ग्रामीण भागात दीड कोटी घरांना पाच वर्षांत फायबर जोडणी देण्याचं उद्दिष्ट आहे. आकडा मोठा दिसतो. पण २ लाख ६४ हजार ग्रामपंचायतींना भागून बघा. एका ग्रामपंचायतीच्या वाट्याला सरासरी ५७ घरं येतात. तीन-चारशे उंबऱ्यांचं गाव असेल तर पाच-सहा घरांमागं एक. म्हणजे योजना ठरल्याप्रमाणं शंभर टक्के पूर्ण झाली, तरी तुमचं नवीन घर त्या एकात असेल याची हमी नाही. पहिल्या ५७ मध्ये कोण बसणार? अर्थातच पेटीजवळचे, गावठाणातले.

घराघरात जोडणी द्यायला ‘भारतनेट उद्यमी’ नावाची व्यवस्था आहे. स्थानिक तरुणानं बीएसएनएलशी करार करायचा, ग्रामपंचायतीपासून घरोघरी वायर न्यायची, देखभाल करायची आणि बिलातला वाटा घ्यायचा. कल्पना बरोबर आहे, कारण गावात राहणाराच रात्री आठला खांबावर चढतो. पण वीस-पंचवीस गिऱ्हाइकांवर त्याचं पोट भरत नाही. त्यामुळं तो दाट वस्तीच धरतो. दोष त्याचा नाही, हिशोबच तसा आहे.

‘फायबर’ म्हणून हवेतलं नेट

इथं एक सावधगिरीची गोष्ट. २०२३ च्या ऑगस्टमध्ये एअरटेलनं आणि सप्टेंबरमध्ये जिओनं ‘एअरफायबर’ आणलं. नावात फायबर असलं तरी घरात वायर येत नाही. गच्चीवर किंवा खिडकीत डबा बसतो आणि तो टॉवरकडून सिग्नल घेतो. जिथं वायर पोचणं शक्य नाही तिथं ही सोय खरंच कामाची आहे, नाकं मुरडण्यात अर्थ नाही. मळ्यातल्या कित्येक घरांना आज हाच एक पर्याय आहे. पण विकणारा पोरगा ‘फायबरच आहे काका’ म्हणाला तर त्याला विचारा, वायर की डबा? टॉवर आणि घर यांच्यामध्ये डोंगराचा सोंड आली, आंब्याची दाट बाग आली, तर वेग पडतो. महिन्याची मर्यादाही वेगळी असते. जिओच्या वायरवाल्या फायबरला ३,३०० जीबी आणि एअरफायबरला १,००० जीबी, असा फरक राहिला आहे. सीसीटीव्हीचं चोवीस तास रेकॉर्डिंग नेटवरून पाठवणाऱ्याला हा फरक कळेल.

जागा बघायला जाल तेव्हा दुपारी बाराला स्पीड टेस्ट करून खूश होऊ नका. रात्री नऊला जा. आणि स्वतःच्या फोनवर मोजण्यापेक्षा शेजाऱ्याच्या घरातल्या डब्यावर मोजा.

उपग्रहाच्या नेटचंही नाव सध्या ऐकू येतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारनं स्टारलिंकशी इरादापत्रावर सही केली. त्यात पहिल्यांदा नावं आली ती गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव, वाशीम यांची. त्यामुळं कोयनेच्या खोऱ्यातल्या माणसानं त्या भरवशावर घराचा चौथरा घालू नये.

आलेलं नेट टिकतं का?

उपलब्धता म्हणजे फक्त पहिल्या दिवसाची जोडणी नव्हे. पुणे-बंगळूर महामार्गाचं शेंद्रे ते कागल सहापदरीकरण, गुहागर-विजयपूर रस्ता, जलजीवनच्या पाइपलाइनी, शेतकऱ्यांच्या खासगी पाइपलाइनी. जेसीबीचा एक फावडा आणि चार गावांचं नेट बंद, हे सगळ्यांनी अनुभवलं आहे. खणण्याआधी खाली कुणाची वायर आहे ते कळावं म्हणून केंद्रानं मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ नावाचं ॲप आणलं. खणणाऱ्यानं त्यावर कळवायचं, वायरच्या मालकाला सूचना जाते. आपल्याकडं किती ठेकेदार ते वापरतात, याचा अंदाज वाचकांनीच करावा. ग्रामपंचायत रस्ता खोदायला ना-हरकत देते, त्याच कागदात हे ॲप वापरण्याची अट घालायला काय हरकत आहे?

दुसरीकडं काय करतात

अमेरिकेत तिथल्या दूरसंचार आयोगानं नोव्हेंबर २०२२ मध्ये देशाचा ब्रॉडबँड नकाशा खुला केला. त्यात गाव किंवा पिन नव्हे, एकेक घर टाकून बघता येतं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ‘उपलब्ध’ या शब्दाची व्याख्या. मागणी केल्यापासून कामकाजाच्या दहा दिवसांत, लाइन वाढवण्याचा वेगळा खर्च न घेता जोडणी देता आली, तरच त्या घराला उपलब्ध म्हणायचं. कंपनीनं खोटं दाखवलं तर घरमालक त्याच नकाशावर हरकत नोंदवू शकतो. ब्रिटनमध्ये मार्च २०२० पासून किमान १० एमबी वेगाची जोडणी मागण्याचा कायदेशीर हक्क आहे. आपल्याच देशात केरळनं जून २०२३ मध्ये ‘के-फोन’ हे राज्याच्या मालकीचं जाळं सुरू केलं, गरीब कुटुंबांना मोफत जोडणी हा त्याचा एक भाग.

आपल्याकडं ट्रायनं २०२४ च्या नियमांनी मोबाइल कंपन्यांना आपल्या सेवेचे नकाशे वेबसाइटवर टाकायला लावलं. कुठल्या गावात टूजी, फोरजी, फाइव्हजी आहे ते त्यात दिसतं. मग वायरच्या नेटला तेच का नाही? फायबर कुठं गेलं आहे हे कंपन्यांना माहीत असतंच. ऑक्टोबर २०२४ मध्ये ट्रायनं इमारतींना डिजिटल कनेक्टिव्हिटीचं मानांकन देण्याचे नियमही काढले. पण ते ऐच्छिक, आणि त्याचा उपयोग शहरातल्या मोठ्या बांधकामांना. दहा गुंठ्यांत तीन खोल्या बांधणाऱ्याला त्यातून काय मिळणार?

पत्त्याची अडचण मात्र आता सुटण्यासारखी आहे. टपाल खात्यानं मे २०२५ मध्ये ‘डिजीपिन’ आणला. सुमारे चार मीटर बाय चार मीटरच्या प्रत्येक चौकोनाला दहा अक्षर-अंकांचा कोड. म्हणजे मळ्यातल्या घरालाही नेमका पत्ता मिळाला. संचार साथीवर पिनऐवजी हा कोड टाकून ‘सगळ्यात जवळची पेटी अमुक मीटरवर, जोडणी शिल्लक आहे’ असं उत्तर का येऊ नये? तंत्र आहे. कंपन्यांना माहिती द्यायला भाग पाडायची इच्छा तेवढी हवी. ‘व्यवसायाचं गुपित’ म्हणून कंपन्या ही माहिती दडवतात, पण खांब सरकारी, रस्ता सरकारी, ना-हरकत ग्रामपंचायतीची, मग गुपित कसलं?

सध्या हातात काय आहे

खासगी कंपनीला माहितीचा अधिकार लागू नाही, बीएसएनएलला आहे. त्यामुळं आपल्या ग्रामपंचायतीतली भारतनेट किंवा महानेटची जोडणी चालू आहे का, कधीपासून बंद आहे, तिच्यावर घरगुती जोडण्या किती दिल्या आणि त्या देणारा भागीदार कोण, हे साध्या अर्जावर विचारता येतं. ग्रामपंचायतीतला आपले सरकार केंद्रचालक तर अर्ज न करताच सांगेल, कारण दाखले काढताना तो स्वतःच्या मोबाइलचं हॉटस्पॉट लावतो की पेटीतलं नेट, हे त्यालाच माहीत असतं.

जागा पसंत पडली तर विसार देण्याआधी ऑपरेटरकडून व्हॉट्सॲपवर का होईना, ‘अमुक गटात जोडणी देऊ, इतक्या दिवसांत, इतक्या खर्चात’ असं लिहून घ्या. प्लॉटिंगवाला ‘वायफाय-रेडी’ म्हणत असेल तर ते साठेखतात घालायला सांगा, मग बघा तो काय म्हणतो. घर बांधताना खांबापासून हॉलपर्यंत एक रिकामा पाइप आधीच टाकून ठेवा. त्याला फार पैसे लागत नाहीत, नंतर फरशी फोडायला लागतात.

आणि ते ‘मागणी आली तर’. वस्तीवरच्या एकट्या माणसाचा अर्ज ‘तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही’ या एका ओळीत परत येतो. तीच मागणी पंधरा-वीस घरांनी सह्या करून, प्रत्येकाचा डिजीपिन लिहून, ग्रामसभेच्या ठरावासह बीएसएनएलच्या जिल्हा कार्यालयाकडं आणि जिल्हाधिकाऱ्यांकडं दिली, तर ती योजनेच्या भाषेतली मागणी होते. ऑपरेटरलाही एका पेटीला पंधरा गिऱ्हाइकं दिसली की खांब परवडतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या ग्रामसभांत रस्ता-गटारीच्या विषयांखाली हा एक विषय चढवायला ग्रामसेवकाकडं आधी लेखी अर्ज द्यावा लागतो.